मुशीर खानचे प्रगतिपुस्तक

हळद निघाली, रान मोकळे झाले, की आमच्या डोंगरकडा परिसरात टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. गावोगावचे संघ, मंडप, लाउडस्पीकर आणि पहिल्या बक्षिसाचा मोठा फलक. एखादा नववी-दहावीचा मुलगा पाच-सहा षटकार मारतो आणि आठवडाभर गावात त्याचेच नाव निघते. मग त्याचे अब्बा शाळेत येतात. प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोरगा लई चांगला खेळतो. नांदेडला नाहीतर पुण्याला अकॅडमीत टाकावं का? शाळा पुढं बघता येईल." अलीकडे या प्रश्नाला आणखी एक वाक्य जोडले जाते. "मुशीर खानला बघा ना सर, एवढ्याशा वयात कुठं गेला!"

वाचकहो, या महिन्यात आपण मुशीर खानलाच बघू. त्याची वाहवा करायला नाही आणि त्याला नावे ठेवायलाही नाही. एक शिक्षक विद्यार्थ्याचे प्रगतिपुस्तक भरतो, तसे त्याचे प्रगतिपुस्तक भरून पाहू. मी क्रिकेटचा प्रशिक्षक नाही. पण मुलाची प्रगती मोजणे हे आमचे रोजचे काम आहे. बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनाचे दोन प्रकार शिकवतात. सत्राच्या शेवटी लेखी परीक्षा घेऊन जे गुण देतात ते संकलित मूल्यमापन. वर्षभर मूल वर्गात कसे बोलते, चुकल्यावर काय करते, वही कशी ठेवते, याची नोंद म्हणजे आकारिक मूल्यमापन. पालक फक्त संकलित गुण विचारतात. मुलाचे पुढे काय होणार, हे मात्र बहुतेक वेळा आकारिक नोंदीत दिसते. खेळाडूचेही तसेच आहे.

गुण काय मिळाले?

मुशीरचा जन्म 27 फेब्रुवारी 2005 चा. वडील नौशाद खान हेच त्याचे प्रशिक्षक. हे कुटुंब मूळचे उत्तर प्रदेशातील आझमगडचे, पण मुले मुंबईच्या मैदानांवर वाढली. मोठा भाऊ सरफराज खान. मुशीर उजव्या हाताने फलंदाजी करतो आणि डाव्या हाताने फिरकी टाकतो.

डिसेंबर 2022 मध्ये, अठरा वर्षे पूर्ण व्हायच्या आत, तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. त्या हंगामातले त्याचे सामने साधारणच गेले. त्यानंतर 2024 उजाडले. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या 19 वर्षांखालील विश्वचषकात त्याने 360 धावा केल्या. त्यात दोन शतके होती, आयर्लंडविरुद्ध 118 आणि न्यूझीलंडविरुद्ध 131. भारत अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला.

तो परत आला तेव्हा रणजीची बाद फेरी सुरू होत होती. उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध त्याने नाबाद 203 केल्या. उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध 55. मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात 136. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक करणारा तो मुंबईचा सर्वांत लहान फलंदाज ठरला. त्याआधी हा विक्रम सचिन तेंडुलकरच्या नावावर होता. मुंबईने 42 व्यांदा रणजी करंडक जिंकला आणि अंतिम सामन्याचा सामनावीर मुशीर होता. सप्टेंबर 2024 मध्ये दुलीप करंडकात बेंगळुरूला तो भारत ब संघाकडून खेळला आणि पहिल्याच डावात 181 धावा करून गेला.

इथपर्यंतचे गुण पाहिले, तर कोणताही पालक म्हणेल, पोरगा बोर्डात आला. आता उत्तरपत्रिका उघडून बघू.

उत्तरपत्रिकेत काय दिसते?

मुशीरच्या तीन मोठ्या डावांतले चेंडू मोजले, तर धावांपेक्षा मोठी गोष्ट दिसते. 203 धावांना त्याने 357 चेंडू घेतले, 136 धावांना 326 आणि 181 धावांना 373. तिन्ही डाव मिळून 520 धावा आणि 1056 चेंडू होतात. 1056 चेंडू म्हणजे 176 षटके. एकोणीस वर्षांच्या मुलाने फक्त तीन डावांत एवढे चेंडू खेळून काढले. शंभर चेंडूंत पन्नासच्याही थोड्या कमी धावा, म्हणजे घाई नाही आणि हातचे सुटल्यासारखे फटकेही नाहीत.

परिस्थिती काय होती, तेही बघावे लागते. दुलीप करंडकाच्या त्या डावात संघाची अवस्था 7 बाद 94 अशी होती. समोर आकाश दीप, आवेश खान, खलील अहमद आणि कुलदीप यादव असे भारताकडून खेळलेले गोलंदाज. तिथून त्याने गोलंदाज असलेल्या नवदीप सैनीला सोबत घेऊन आठव्या विकेटसाठी 205 धावा जोडल्या. नवव्या नंबरचा जोडीदार सोबत असताना भला भला फलंदाज उतावीळ होतो. इथे मुलगा थांबला, जोडीदाराला सांभाळले आणि सैनीनेही 56 धावा केल्या. वर्गातला हुशार मुलगा बाकावरच्या शेजाऱ्यालाही गणित सोडवायला लावतो, तेव्हा आम्ही शिक्षक त्याच्या नोंदीत वेगळी खूण करतो. तशी ही खूण आहे.

तिसरी गोष्ट त्याच सामन्यांत आहे, पण ती कोणी सांगत नाही. रणजीच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात तो 6 धावांवर बाद झाला होता. 136 त्यानंतरचे आहेत. दुलीपमध्ये 181 नंतरच्या डावात शून्य. म्हणजे अपयश याही मुलाला चुकलेले नाही. पहिल्या हंगामातल्या साधारण सामन्यांनंतर जवळपास वर्षभराने संधी आली, तेव्हा तो तयार होता. मधल्या काळात सराव थांबला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

कोरे रकाने

प्रामाणिक शिक्षक प्रगतिपुस्तकातले कोरे रकाने झाकत नाही. मुशीरच्या पानावरही ते आहेत.

पहिला रकाना सामन्यांच्या संख्येचा. दुलीपचे शतक झाले तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीचे सामने दहाच्या आसपासच होते. आमच्या भागातला केळीवाला एका घडावरून बागेचा सौदा करत नाही. बाग फिरून बघतो, पुढचा पिलबागही कसा आहे ते विचारतो. दहा सामन्यांवरून मुलात गुण आहेत एवढे कळते. ते टिकतील का, हे कळायला तीन-चार हंगाम लागतात. प्रतिपक्षाचे गोलंदाज चित्रफिती पाहून तुमची कमजोरी शोधतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरी परीक्षा सुरू होते.

दुसरा रकाना झटपट क्रिकेटचा. आयपीएलच्या लिलावात पंजाब किंग्जने त्याला 30 लाखांना घेतले. 2025 च्या हंगामात तो बहुतेक वेळ बाहेरच बसला. संधी मिळाली ती थेट पहिल्या क्वालिफायर सामन्यात, बेंगळुरूविरुद्ध, संघाची पडझड झालेली असताना. तिसऱ्या चेंडूवर तो शून्यावर पायचीत झाला. यावरून त्याला टी-20 जमत नाही असे म्हणणे चुकीचे आहे. जमते असे म्हणायलाही पुरावा नाही. हा रकाना कोराच ठेवावा लागेल.

तिसरा रकाना कोणाच्या हातात नसतो. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस इराणी करंडकासाठी आझमगडहून लखनौला जाताना गाडी उलटली. मुशीरच्या मानेच्या हाडाला फ्रॅक्चर झाले. वडील सोबत होते, त्यांना किरकोळ लागले. जीव वाचला, अल्लाहचा शुक्र. पण ज्या हंगामात त्याच्या नावाची सर्वांत जास्त चर्चा व्हायची, तो देशांतर्गत हंगाम हातातून गेला. पंधरा दिवसांपूर्वी ज्याचे भविष्य छापून येत होते, त्याला मान सरळ ठेवून पडून राहावे लागले. 2025 च्या पावसाळ्यात मुंबईच्या उदयोन्मुख संघासोबत इंग्लंडला जाऊन त्याने लागोपाठ तीन शतके केली आणि विकेटही घेतल्या. तो परत उभा राहिला, हे या प्रगतिपुस्तकातले सर्वांत चांगले वाक्य आहे. तरी ते सामने प्रथम श्रेणीचे नव्हते, हेही लिहिले पाहिजे.

भावाचे पान

मुशीरचा अंदाज बांधायला दुसरे पुस्तक लांब शोधायला नको, ते त्याच्याच घरात आहे. सरफराजने 2009 मध्ये बाराव्या वर्षी हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 439 धावा केल्या. 2014 आणि 2016 असे दोन 19 वर्षांखालील विश्वचषक खेळला. सतराव्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला. सगळे म्हणाले, आता दोन-तीन वर्षांत भारताकडून खेळणार.

प्रत्यक्षात काय झाले? मधली काही वर्षे तो उत्तर प्रदेशकडून खेळून परत मुंबईत आला. 2019-20 च्या रणजी हंगामात सहा सामन्यांत 928 धावा केल्या, त्यात एक त्रिशतक. 2021-22 मध्ये पुन्हा सहा सामन्यांत 982. दोन वेळा नऊशेच्या वर! तरी भारताची कसोटी टोपी मिळाली फेब्रुवारी 2024 मध्ये, राजकोटला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्या सामन्यात 62 आणि नाबाद 68. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध बेंगळुरूला पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात 150. त्यानंतर ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर संघात होता, पण एकाही कसोटीत खेळवले नाही, आणि 2025 च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडच झाली नाही.

घराघरांत यावर वाद होतात. अन्याय झाला असे कोणी म्हणतो, कोणी फिटनेसचे कारण देतो. तो वाद इथे सोडवायचा नाही. पालकांनी यातून एक गोष्ट घ्यावी. बाराव्या वर्षीच्या 439 धावा आणि सव्विसाव्या वर्षीची कसोटी टोपी यांच्यात चौदा वर्षे आहेत. चौदा वर्षे तो मुलगा खेळत राहिला, त्याचे वालिद पहाटे मैदानावर उभे राहिले. एवढे करूनही जागा पक्की झाली नाही.

आपल्या जवळचा दाखला

मुंबई आपल्याला लांब वाटते, म्हणून मराठवाड्यातला दाखला घेऊ. जालन्याचा विजय झोल. 2011 मध्ये महाराष्ट्राच्या 19 वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध त्याने नाबाद 451 धावा केल्या. रणजीच्या पहिल्याच सामन्यात द्विशतक केले. 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्या संघातले श्रेयस अय्यर, संजू सॅमसन आणि कुलदीप यादव पुढे भारताकडून खेळले. सरफराजही त्याच संघात होता. कर्णधार विजय झोलला मात्र भारताच्या मुख्य संघाची टोपी मिळाली नाही.

यात त्याचा कमीपणा नाही. जालन्यासारख्या शहरातून भारताच्या युवा संघाच्या कर्णधारपदापर्यंत जाणे ही मोठीच गोष्ट आहे. पण "एवढ्याशा वयात कुठं गेला" यावरून "पुढे कुठं जाणार" हे सांगता येत नाही, याचा यापेक्षा जवळचा पुरावा मला माहीत नाही.

बास्केटबॉलचेही उदाहरण आहे. हा खेळ आपल्या समाजाला परका नाही. मुंबईच्या नागपाड्यात घडलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. अलीकडचे नाव पंजाबच्या बल्लोके गावच्या सतनाम सिंगचे. सात फूट दोन इंच उंची. 2010 मध्ये चौदा वर्षांचा असताना शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला. 2015 मध्ये तिथल्या एनबीए या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगच्या निवड प्रक्रियेत साठ खेळाडू घेतले गेले, त्यात 52 व्या क्रमांकावर डॅलसच्या संघाने त्याला निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. देशभर पेढे वाटावेत असा दिवस होता. पण एनबीएच्या मुख्य लीगमध्ये एकही सामना तो खेळू शकला नाही. 2021 मध्ये तो व्यावसायिक कुस्तीच्या शोमध्ये गेला. उंची जन्मतः मिळते. पण त्या लीगमधला पायांचा वेग, चेंडू हातात यायच्या आधी जागा ओळखण्याची सवय, हे तिकडची मुले पाच-सहा वर्षांची असल्यापासून शिकतात. निवडणाऱ्यांनी त्याची शक्यता पाहिली होती. शक्यता आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मुशीरचा शेरा काय?

प्रगतिपुस्तकाच्या शेवटी शेरा लिहावाच लागतो. माझा असा आहे. लांब डाव खेळण्याची क्षमता उत्तम. दबावात स्थिर. अपयशानंतर परत उभा राहतो. डावखुरी फिरकी येते, त्यामुळे संघात जागा मिळवायला दुसरी चावी हातात आहे. तब्येतीने साथ दिली, तर मुंबईसाठी अनेक वर्षे रणजी खेळेल असे मानायला आधार आहे. भारताच्या कसोटी संघाचे दार तो ठोठावेल असे वाटते. दार उघडेल का, ते फक्त त्याच्या धावांवर अवलंबून नाही. त्या जागेवर आधी कोण बसले आहे, यावरही आहे. झटपट क्रिकेटबद्दल आज काहीही म्हणू नये.

लक्षात घ्या, देशातल्या सर्वांत गुणी तरुणांपैकी एकाचा हा शेरा आहे, आणि त्यातही "तर" आणि "कदाचित" आहेतच.

आता आपल्या घरचा हिशेब

रणजीत 38 संघ खेळतात. प्रत्येकी 11 धरले तर देशभरात मैदानावर 418 जागा. हिंगोली जिल्ह्याचा मुलगा मुंबई किंवा विदर्भाच्या नाही, तर पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात येतो. म्हणजे त्याच्यासाठी या 418 पैकी 11 जागा, आणि त्यासाठी पुणे, सोलापूर, नाशिकपासून नांदेडपर्यंतची मुले रांगेत.

जागा मिळाली तर कमाई चांगली आहे. वीसपर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला बीसीसीआय दिवसाला 40 हजार रुपये मानधन देते. चार दिवसांचा सामना म्हणजे 1 लाख 60 हजार. हंगामातले सातही साखळी सामने खेळला तर 11 लाखांच्या वर. पण हे पैसे अकरात असलेल्याला. राखीवाला निम्मे. संघाबाहेर असलेल्याला काहीच नाही. हा पगार नव्हे, रोजंदारी आहे. फक्त रोज मोठा आहे. पाय मुरगळला की रोज बंद.

म्हणून शाळेत येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी काही गोष्टी सांगतो. त्या इथेही लिहितो.

टेनिस बॉलचे षटकार मोजू नका. लेदर बॉलवर, चांगल्या गोलंदाजांपुढे, मुलगा किती चेंडू टिकतो ते बघा. एका वहीत प्रत्येक डावाची नोंद ठेवा: किती चेंडू, कसा बाद झाला, समोर कोणता संघ. वर्षानंतर ती वही एखाद्या जाणकार प्रशिक्षकाला दाखवा. तोच तोच बाद होण्याचा प्रकार वर्षभर दिसत असेल, तर मुलगा खेळतो आहे, पण शिकत नाही.

जन्मतारखेचा कागद सरळ ठेवा. 16 वर्षांखालील गटात क्रिकेट मंडळ मुलांच्या हाडांची वय तपासणी करते. दोन वर्षे लपवण्याच्या नादात मुलाचे नाव कायमचे खराब होते, आणि खोटेपणाची पहिली तालीम आपणच त्याला देतो.

शाळा सोडवू नका. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात आणि त्या शाळेतूनच खेळता येतात. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. पण त्या नोकरीचा अर्ज भरायलाही दहावी-बारावीचे किंवा पदवीचे प्रमाणपत्र लागते. शाळा सोडलेला चांगला खेळाडू या दारातूनही परत फिरतो.

कोणी म्हणेल, झहीर खानने तर इंजिनिअरिंग सोडले! खरे आहे. श्रीरामपूरचा झहीर इंजिनिअरिंग सोडून मुंबईला गेला आणि भारतासाठी 311 कसोटी बळी घेऊन थांबला. पण इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, म्हणजे बारावी झाली होती. त्याची अम्मी स्वतः शिक्षिका होती. तो पाया घालून बाहेर पडला.

शेवटची गोष्ट घराबद्दल. नौशाद खान यांच्यासारखा बाप प्रत्येकाला परवडत नाही, आणि प्रत्येक मुलगा मुशीर नसतो. शेत विकून, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे वळवून एका मुलाला अकॅडमीत पाठवणे म्हणजे सगळ्या घराचा डाव एका चेंडूवर लावणे. ज्या मुलाला हे ओझे कळते, तो मैदानावर मोकळा खेळू शकत नाही. खेळावर आपल्याला परवडेल तेवढाच खर्च करा. दोन वर्षांची मुदत ठरवा आणि दोन वर्षांनी वही उघडून मुलासोबत बसा. त्याला रागावू नका आणि हरभऱ्याच्या झाडावरही चढवू नका. जे आहे ते वाचून दाखवा. चौदा-पंधरा वर्षांची मुले आपण समजतो त्यापेक्षा बरेच समजतात.

आणि घरात मुलगी खेळत असेल, तर तिचीही वही ठेवा. तिच्या वहीला वेगळा नियम नाही.